डोहाचं सोयर

जालना जिल्ह्यात मासळी खात्यात होतो असं सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "तिकडं कुठला आलाय समुद्र?" निम्मी नोकरी मी या प्रश्नाला उत्तर देण्यात घालवली. समुद्र नाही, पण दुधना आहे, पूर्णा आहे, खालच्या अंगाला गोदावरी आहे, पाझर तलाव आहेत, आणि जिथं उन्हाळ्यातही पाणी टिकतं तिथं मासा आहे. मासा आहे तिथं त्याच्यावर जगणारी माणसंही आहेत. त्या माणसांसाठी सरकारनं एक खातं ठेवलं होतं आणि त्या खात्याच्या अगदी तळाच्या पायरीवर मी होतो.

जिल्हा नवा झाला तेव्हा आमचं कार्यालयही नवंच थाटलं गेलं. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि पाण्याचा माठ. मला राहायला खोली मिळेना. शेवटी एका मारवाडी शेठजींनी विचारलं, "खातं कोणतं तुमचं?" मी म्हणालो, "मत्स्यव्यवसाय." त्यांना आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. घर जैनांचं. पण माणूस भला होता. थोडा विचार करून म्हणाले, "खोली देतो साहेब. फक्त गल्लीत कुणी विचारलं तर पाटबंधारे सांगा. पाणी काय, दोन्हीकडं आहेच." पुढची सहा-सात वर्षं त्या गल्लीत मी पाटबंधाऱ्यातला माणूस होतो. एकदा तर कालव्याचं पाणी कधी सुटणार हे विचारायला एक शेतकरी दारात येऊन बसला आणि मी त्याला ठोकून तारीखही सांगून टाकली.

माझं स्वतःचं घर वाटूरजवळचं, शेतीवाडीतलं आणि माळकरी. सुट्टीला गेलो की आई मला ओट्यावरच आंघोळीचं पाणी द्यायची. "आधी ते खातं धुऊन टाक, मंग घरात ये," म्हणायची. तिच्या लेखी खातं अंगाला चिकटत होतं. पुढं झालं ते पाहता तिचं फारसं चुकलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं. पावसाळ्यात माशांची बारीक पिल्लं, म्हणजे मत्स्यबीज, आणायची आणि तलावात सोडायची. मासेमारांच्या सहकारी संस्था उभ्या करायच्या. कोण कुठं काय धरतो त्याची माहिती वर पाठवायची. पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत यायची, अर्धी पाणी आणि अर्धा प्राणवायू भरून. जीप नेहमी साहेबांकडं, म्हणून आम्ही एसटीनं न्यायचो. वाटूर फाट्यावर ड्रायव्हर चहाला उतरला की माझा जीव टांगणीला लागायचा. एकदा मी खिडकीतून ओरडलो, "अहो, जल्दी करा, पोरं मरतील माझी!" अख्खी गाडी खाली उतरून पोरं कुठं आहेत ते शोधायला लागली. पिशवी दाखवली तेव्हा एका म्हातारीनं कपाळाला हात लावला, पण ड्रायव्हर मात्र अर्धा कप चहा टाकून पळत आला.

असे किस्से मी पुष्कळ सांगतो. चारचौघांत खपतात. जे सांगत नाही ते आज लिहायला बसलो आहे.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. वर धरण झाल्यापासून उन्हाळ्यात ती सलग वाहत नाही. वाळू उघडी पडते आणि जिथं पात्र खोल आहे तिथं पाणी उरतं. तो डोह. वर्षभर कोसभर पाण्यात फिरणारे मोठे मासे, पोटात अंडी धरलेल्या माद्या, सगळे शिमग्यानंतर सरकत सरकत डोहात येऊन राहतात. पहिला पूर आला की तिथूनच बाहेर पडतात, चढत्या पाण्यात अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरते. म्हणजे उन्हाळ्यातला डोह हे नदीचं बियाणं असतं. वैशाखात कुणी तो झाडून धरला, तर एका आठवड्यात पुढच्या सगळ्या वर्षाचा मासा संपतो.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. रखमाजीला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

वडीगोद्रीला एसटीतून उतरून सायकलनं गंगेकडं गेलं की एक गाव लागायचं. गावाच्या खालच्या अंगाला भोई लोकांची अकरा घरं होती आणि रखमाजी त्यांचा कारभारी. काळा, काटक, बोलायला हळू. पाण्यात उतरला की वर यायला इतका वेळ लावायचा की पाहणाऱ्याचा श्वास कोंडावा. मी पहिल्यांदा गेलो तो नेमका वैशाखात. डोहात कोणकोणत्या जातीचे मासे आहेत ते पाहायचं होतं. म्हणालो, जाळं टाका.

रखमाजी म्हणाला, "आता न्हाई जमायचं सायब. डोहाला सोयर हाये."

घरात मूल जन्मलं की दहा-बारा दिवस त्या घराला सोयर असतं. देवाला शिवत नाहीत, परकं माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, बाळंतिणीच्या खोलीत कुणी शिरत नाही. तसं त्या गावात पाडव्यापासून पहिल्या पुरापर्यंत डोहाला सोयर असायचं. जाळं नाही, गळ नाही, मोटर नाही. काठावर गुरांनी पाणी प्यावं, बायांनी घागर भरावी, पण डोहात पाऊल टाकायचं नाही. लाल पाणी आलं की त्या दिवसापासून बाराव्या दिवशी डोहाचं बारसं व्हायचं. गावातल्या झाडून सगळ्या आळ्यांतल्या बाया काठावर घुगऱ्या वाटायच्या आणि मग जाळी पाण्यात पडायची.

मी तेव्हा तरुण होतो, शिकलेला होतो. रखमाजीची बायको द्वारकाबाई तिथंच जाळं विणत बसली होती. मी तिला हसून म्हणालो, "मावशी, सोयर बाळंत झाल्यावर असतं. तुमची मासळी तर अजून पोटुशी आहे."

तिनं विणणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुमच्या घरी बाईला कळा सुरू झाल्या की गडीमानसं भाईर जात्यात का न्हाई? का लेकरू रडंस्तवर तिथंच उभी ऱ्हात्यात?"

मी वही मिटली. जालन्याला येऊन अहवालात मात्र लिहिलं की सदर गावी अंधश्रद्धेमुळे उन्हाळी मासेमारी होत नाही, प्रबोधनाची गरज आहे. तो कागद आज कुठल्या कपाटात असेल देव जाणे. नसावा, अशी माझी इच्छा आहे.

मग तीन-चार वर्षांनी मला प्रशिक्षणासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर पाठवलं. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ओहोटीला पाणी मैलभर मागं गेलं आणि आम्ही चालत चालत प्रवाळाच्या खडकावर पोचलो. प्रवाळ म्हणजे आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याच्या जातकुळीतलं. पण इथं ते जिवंत होतं. लाखो बारके जीव एकमेकांना धरून राहतात, त्यांच्या कवचांचा खडक होतो आणि त्या खडकाच्या कपारींत माशांची, खेकड्यांची पिल्लं वाढतात. तो सगळा भाग सरकारनं राखून ठेवला होता. तिथं मासे धरायचे नाहीत, खडक फोडायचा नाही.

आमच्याबरोबर वाट दाखवायला एक म्हातारा कोळी होता. मी त्याला आमच्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत विचारलं, की एवढा मोठा तुकडा बंद केल्यावर तुमचं पोट कसं चालतं? तो म्हणाला, "साब, यहाँ हम हाथ नहीं डालते. यहाँ से निकलके जो बाहर आता है, वो हमारा." मग पलीकडं बोट करून त्यानं सांगितलं, की मोठी लाट या खडकावर येऊन फुटते, म्हणून मागची वस्ती वाचते. खडक पाहायला माणसं येतात, त्यांना वाट दाखवून त्याच्या दोन मुलांचं घर चालतं. सुरुवातीला तोही चिडला होता म्हणे. आता कुणी तिथं जाळं घेऊन गेलं तर हाच काठी घेऊन धावायचा.

मी तिथं घोटाभर पाण्यात उभा होतो आणि मला रखमाजी आठवला. लाज वाटली. जे दाखवायला सरकारनं मला हजार कोस नेलं, ते मला वडीगोद्रीपासून सायकलीवर दिसलं होतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. सगळं सांगितलं. रखमाजी ऐकत राहिला. द्वारकाबाईनं विचारलं, "म्हंजे समुद्राला बी सोयर पाळत्यात?"

"पाळतात मावशी."

"मंग तुमचं ते प्रबोधन का काय, ते कुनाचं करायचं आता?" असं म्हणून ती हसली, आणि मीही हसलो. प्रबोधन हा शब्द तिच्यापर्यंत कुणी पोचवला ते मला आजवर कळलं नाही.

पुढची काही वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं. पुरानंतर मी मुद्दाम त्या भागात फिरायचो. डोहाच्या खाली तीन-चार गावांच्या पाण्यात दिवाळीपर्यंत जाळी भरून यायची. मरळ, वाम, शिंगाडा असे मासे, हाताएवढे झिंगे. अकरा घरांतल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन हमरस्त्याला, आठवडी बाजारांना जायच्या. त्या घरांतलं कुणीही त्या काळात गाव सोडून कामाला गेलं नाही. आणि फायदा फक्त त्यांचा नव्हता. डोह उपसला जात नव्हता म्हणून काठावरच्या विहिरींना ज्येष्ठापर्यंत पाणी असायचं. गुरं तिथंच पाण्यावर यायची. अंकुशराव म्हणून काठावरचे मोठे जमीनदार होते, त्यांची मोसंबी तर त्या पाझरावरच उभी होती. त्यांची आई बारशाला सगळ्यात मोठं पातेलं भरून घुगऱ्या आणायची. पण पाणी विहिरीत कुठून येतं, हे विहिरीच्या मालकाला सहसा सुचत नाही. ते त्याला त्याचं स्वतःचंच वाटतं.

एवढं चांगलं चाललं होतं, मग मी तिथं हात का घातला, हे मला बायकोनंही विचारलं आहे. माझ्याकडं एकच उत्तर आहे. तोंडी आहे ते टिकत नाही आणि कागदावर आलं की टिकतं, अशी माझी बालंबाल खात्री होती. रखमाजी थकत चालला होता. तो गेल्यावर सोयर कोण पाळणार? म्हणून नव्वदनंतर मी एक प्रस्ताव तयार केला. ग्रामपंचायतीचा ठराव, साहेबांची सही, डोहाच्या चतुःसीमा. ठरावात मी आधी 'सोयर' हाच शब्द लिहिला होता. साहेब म्हणाले, "सोयर-सुतक सरकारी कागदावर शोभतं का? नीट शब्द घाला." मी खोडलं आणि वर लिहिलं, राखीव. 'बंद' लिहिता आलं असतं. 'विश्रांती' लिहिता आलं असतं. पण राखीव हा शब्द मला भारदस्त वाटला. राखीव वन असतं, तसा राखीव डोह.

जालन्याच्या एका पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली. निळ्यावर पांढरी अक्षरं: राखीव डोह. मासेमारी करण्यास व पाणी उपसण्यास सक्त मनाई. हुकुमावरून. सायकलवर आडवी बांधून मीच नेली.

रखमाजीनं पाटीकडं बराच वेळ पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाटी काहून पायजे सायब? ज्या घरात बाळंतीन हाये त्या घराला कुनी पाटी लावतं का? समद्याला म्हाईतच असतंय."

"आज माहीत आहे. उद्या नसेल."

"ज्याला म्हाईत न्हाई त्याला पाटी वाचून बी कळनार न्हाई." पण मी साहेब होतो. खड्डा त्यानंच खणला, पाटी त्यानंच उभी केली.

त्याच सुमारास पंचायतीच्या निवडणुका नव्या पद्धतीनं होणार होत्या. कोणती जागा कोणासाठी राखीव याच्या सोडती निघाल्या आणि त्या गावचं सरपंचपद, भोई ज्यात मोडतात त्या मागासवर्गाला सुटलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. ज्यांना त्या खुर्चीसमोरच्या सतरंजीवरही कधी बसू दिलं नव्हतं, त्यांना खुर्ची मिळणार होती. पण ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्या मनाला फार लागलं. चहाच्या टपरीवर, पारावर, एसटीत, जिथं बघावं तिथं एकच शब्द होता. तोच शब्द मी मोठ्या अक्षरांत रंगवून गंगेच्या काठावर लावून आलो होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

महिन्याभरानं गेलो तर पारावर अंकुशराव बसले होते. मला हाक मारली. चहा सांगितला. मग म्हणाले, "सायब, पाटी झकास झाली. पन राखीव कुनासाठी ते लिवायचं राह्यलं."

मी म्हणालो, "माशांसाठी."

"मासे येऊन वाचनार हायेत का पाटी? वाचनारे आमी हाओत. खुर्ची राखीव झाली, ठीक हाये, सरकारचा कायदा. आता गंगा बी राखीव? भोयांना लिवून दिली तुमी?"

पारावरचे सगळे हसले. मला वाटलं थट्टा चालली आहे. मीही हसलो, चहा प्यालो आणि सायकल काढली. त्या वेळी तिथं बसून, चार घटका घालवून, सोयर म्हणजे तेच हो, तुमच्या आईच्या घुगऱ्यांचं सोयर, एवढं जरी मी बोललो असतो तरी निभावलं असतं, असं मला आजही वाटतं. मला वडीगोद्रीची साडेचारची गाडी गाठायची होती.

सोयर होतं तोवर कुणी कधी विचारलं नव्हतं की ते कुणासाठी आहे. सोयर प्रत्येकाच्या घरात पडतं, पाटलाच्या आणि भोयाच्याही. ते कुणाला मिळत नाही आणि कुणाकडून हिसकावलं जात नाही, फक्त पाळायचं असतं. राखीव म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाला दिलं आणि कुणाचं काढलं? एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालताना मला वाटलं होतं की मी तेच म्हणतोय.

त्या वर्षी पाडव्यानंतर भोई बाया पाण्याला गेल्या की बोलणी खायला लागल्या. तुमचाच डोह, तुमचीच खुर्ची, आता आमाला पानी पाजायचा काय खर्चा घेनार? रखमाजी कुणाशी भांडला नाही. मला त्यानं निरोपही पाठवला नाही. पाठवायला हवा होता, पण माझ्याच पाटीबद्दल मला काय सांगायचं, असं त्याला वाटलं असेल.

आमच्या भागात विहीर खणायची तर काळा पाषाण लागतो, तो सुरुंगानं फोडतात. सुरुंगाचे तोटे, म्हणजे दारूच्या कांड्या, त्या काळी कुणाच्याही गोठ्याच्या आढ्यात सापडायचे. वैशाखातल्या एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, कुणीतरी तोट्यांना वात लावून डोहात टाकले. एकामागून एक चार. आवाज पार वडीगोद्रीच्या रस्त्यापर्यंत गेला म्हणतात.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी पोचलो तेव्हा काठावर सगळं गाव उभं होतं. सुरुंगानं मासा लगेच वर येत नाही. आतली हवेची पिशवी फुटते, तो तळाला जातो, आणि मग कुजून फुगून तरंगतो. रखमाजी पहाटेपासून बुड्या मारत होता. साठीला आलेला माणूस. खाली जायचा, दोन्ही हातांत मासे घेऊन वर यायचा, ते वाळूवर ठेवायचा आणि पुन्हा जायचा. वाळूवर ओळी लागल्या होत्या. मरळी होत्या, कितीतरी वर्षांच्या वामी होत्या. त्यानं एकही मासा कुणाला उचलू दिला नाही आणि विकायलाही दिला नाही. सगळे पुरायचे म्हणाला.

मी पाण्यात उतरून त्याचा दंड धरला. "रखमाजी, बस झालं. बाहेर या."

त्याच्या हातात मरळीची मादी होती, पोट फुटलेलं, पिवळी अंडी त्याच्या मनगटावर चिकटलेली. माझ्याकडं पाहून त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, जसं एखादी माहिती विचारावी तसं, "सायब, आता सुतक म्हनायचं का?"

मला रडू आलं. सगळ्या गावासमोर आलं. मी लपवलंही नाही.

पंचनामा मीच केला. कुणी केलं असं विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. अंकुशराव म्हणाले, मी बाजाराला गेल्तो. रखमाजीला विचारलं. तो म्हणाला, "म्हाईत न्हाई." त्याला माहीत होतं. ज्या गावात राहायचं त्या गावाबद्दल तो साहेबाच्या कागदावर काय सांगणार? जाता जाता मी ती पाटी उपटली आणि सायकलला बांधून परत नेली. गावानं मला अडवलं नाही की मदतही केली नाही.

पुढं डोह उघडाच पडला. एकदा सोयर मोडल्यावर पाळायचं कुणी? आधी एक मोटर बसली, मग पाच-सहा. दोन उन्हाळ्यांत जिथं रखमाजीलाही तळ गाठायला दम लागायचा तिथं कमरेइतकं पाणी उरलं. काठच्या विहिरी चैत्रातच तळाला जायला लागल्या. अंकुशरावांची मोसंबी वाळली. खालच्या गावांची जाळी रिकामी यायला लागली. अकरा घरांपैकी आठ घरं दोन-तीन वर्षांत उठली, कुणी जालन्याला बांधकामावर, कुणी आणखी कुठं. रखमाजी एका मोठ्या धरणावर ठेकेदाराच्या हाताखाली जाळं ओढायला गेला. परक्या पाण्यावर, परक्या नावेत. मी जिल्ह्यातल्या तलावाबिलावात मत्स्यबीज सोडत राहिलो, अहवाल पाठवत राहिलो. त्या गावात जायचं मात्र टाळलं. माझी तेवढी छाती नव्हती.

निवृत्तीच्या वर्षी वडीगोद्रीवरून जात होतो. हमरस्त्याच्या कडेला थर्माकोलचा खोका पुढं घेऊन द्वारकाबाई बसलेली दिसली. मी गाडी थांबवायला लावली. खोक्यात बर्फात घातलेले मासे होते, आंध्रातून ट्रकनं येणारे, सगळे एका मापाचे. तिनं मला लगेच ओळखलं. बसायला गोणपाट सरकवलं.

"रखमाजी कसे आहेत?"

"गेले की. दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "तुमाला सांगाया कोन येनार?"

मग तिनं आपणहून सांगितलं. धरणावरून तो खोकला घेऊन परत आला होता. शेवटच्या उन्हाळ्यात त्याला काळवेळ समजेनाशी झाली. सकाळ झाली की काठी टेकत डोहावर जायचा आणि दरडीवर बसायचा. कुणी गुरं घेऊन आलं, पोहायला आलं, की हात वर करून सांगायचा, तिकडं जाऊ नका, सोयर हाये.

"मी म्हनायची, आवं, कशाचं सोयर, मासाच न्हाई त्यात. तर मलाच गप म्हनायचे. हळू बोल म्हनायचे."

"लोक काय करायचे?"

"काय करत्याल? हसायचे. मंग हसनं बी बंद झालं. ते अंकुशराव एक दिवस आले, हेंच्याजवळ बराच वेळ बसले. काय बोलले म्हाईत न्हाई. उठले आन् आपली मोटर बंद केली. दुसऱ्यांना बी बंद कराया लावली. हे जाईस्तवर नऊ दिवस कुनी बटन दाबलं न्हाई बगा. नऊ दिवस डोहावर आवाज नव्हता. हेंना बरं वाटलं. म्हनले, पाळून राह्यले लोक."

तिनं एका गिऱ्हाइकाला मासा काढून दिला, हात पुसले. थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि आता?"

"आता काय?"

"मोटर."

"चालू हाये की," द्वारकाबाई म्हणाली. "पानी तर लागतंच ना मानसाला."